विमानतळावरचं बाटलीचं झाकण

विमानाच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे पायलट शिकतात त्या कॉम्प्युटरवरच्या खोट्या विमानात, लोक आकाश बघतात, कॉकपिट बघतात, टर्मिनलच्या चकचकीत काचा बघतात. चाकांखालची जमीन कोणी बघत नाही. ती मी करतो. डांबर, काँक्रीट, पिवळ्या रेषा, टायरचे काळे ओरखडे, विमान उभं राहतं तिथले तेलाचे डाग.

करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आठ वर्षं काउंटरवर उभा होतो. संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास. हे जमिनीचं काम मात्र हात धरून कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही नाही. आता आर. के. पुरममध्ये बायकोला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो आणि घरातूनच काम करतो.

आमच्याच कॉलनीत वाढलेला एक मुलगा माझा भागीदार होता. इमारती त्याच्या, जमीन माझी. पहिला विमानतळ तयार झाला, त्यावर एकट्याचं नाव आलं. त्याचं. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, जमीन कोण बघतं यार? टायर टेकले की झालं." जिन्यात असं भांडण झालं की तिन्ही मजल्यांनी ऐकलं. भागीदारी मोडली. ठरलं की त्याच्या इमारती त्याच्या आणि माझी जमीन माझी.

खऱ्या विमानतळावर कॅमेरा घेऊन कोण फिरू देणार? म्हणून मी जमिनीचे फोटो कॉलनीच्या पार्किंगमध्ये काढतो. फोटोत सावली चालत नाही, कारण सिम्युलेटर स्वतःचा सूर्य लावतो. नोव्हेंबरात दिल्लीवर धूर साचला की सगळे खोकतात आणि मी खुशीत कॅमेरा घेऊन खाली उतरतो. एरवी बायकोला चादर धरून उभं करतो.

"अहो, हात भरून आले. लोक काय म्हणत असतील?"

"म्हणू देत. अगं, जरा डावीकडे हो. पाय येतोय फोटोत."

तेलाचा डाग तर माझ्याच स्कूटरचा आहे. माझ्या विमानतळावर प्रत्येक विमानाच्या पोटाखाली माझी स्कूटर गळते.

या वर्षी नोएडातल्या पायलटांच्या एका ट्रेनिंग सेंटरला नव्या विमानतळाची जमीन करून हवी होती. लॅपटॉप घेऊन गेलो. मॅनेजरने नमुना पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "ये तो हमारे पास पहले से है. आप किसी और का काम उठा लाए हैं."

महिन्यापूर्वी त्यांनी एक विमानतळ विकत घेतला होता. माझ्या जुन्या भागीदाराकडून, माझ्याच जमिनीसकट. तो शेजारच्याच खोलीत बसून त्याचं इन्स्टॉलेशन करत होता. आमचा धंदा एवढासा. इथून चोर म्हणून बाहेर पडलो असतो तर पुन्हा कोणी दार उघडलं नसतं. माझा आवाज चढला. भागीदार बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, डांबर सगळीकडे सेमच असतं ना."

मी खुर्ची सारून उठलो. तेवढ्यात तिथल्या इन्स्ट्रक्टर मॅडम मध्ये पडल्या. त्यांनी खऱ्या विमानतळावर, विमानं उभी राहतात त्या जागेवर बरीच वर्षं काम केलेलं. "झगड़ा बाद में," त्या म्हणाल्या आणि भागीदाराकडे वळल्या. "कल से पूछ रही हूँ, ये क्या है?"

पडद्यावर विमानाच्या नाकाखाली, डांबरात दबलेलं, सोड्याच्या बाटलीचं झाकण. पुढच्या जागेवरही तेच. त्याच्या पुढच्याही.

"यहाँ मेटल का ढक्कन? इंजन खींच लेगा, जनाब."

"थोड़ा रियलिस्टिक लगता है, मॅडम," भागीदार म्हणाला.

माझे कान तापले. ते झाकण मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पार्किंगमध्ये गाड्यांनी दाबलेली अशी झाकणं पावलापावलावर असतात. डोळ्याला ती दिसेनाशी झाली होती. एवढी वर्षं विमानतळ करणाऱ्या माणसाची ही चूक! काउंटरवर करायचो तसा हिशोब मनात केला: गप्प बसलो तर चोर, बोललो तर मूर्ख. मूर्खाला निदान पुन्हा काम मिळतं.

"मॅडम, ये गलती मेरी है," मी म्हणालो आणि मूळ फोटो उघडला. भागीदाराकडे त्यातला कापलेला चौकोन तेवढा होता. पूर्ण फोटो फक्त माझ्याकडे. त्यात स्कूटरच्या तेलाचा तो डाग होता, एका बाजूने वाकलेलं तेच झाकण होतं, शिवाय स्कूटरचं स्टँड, निळ्या चादरीची कड आणि जोडवी घातलेला एक पाय.

"ये कौन?" मॅडमनी विचारलं.

"मिसेस."

त्या मोठ्याने हसल्या. मॅनेजर भागीदाराकडे बघत राहिला. तो आपला चार्जर गुंडाळायला लागला.

मग मी आवाज खाली आणला, कारण सौदा ओरडून होत नाही. सुरुवातीच्या पडद्यावर माझं नाव हवं, तेही इमारतींच्या आधी.

"बाद में लिख देंगे," मॅनेजर म्हणाला.

"पहले. ज़मीन पहले आती है, बिल्डिंग बाद में."

शेवटी ठरलं ते असं: दोन्ही नावं एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत, आणि नवीन काम मला. मॅडमची अट एकच, सगळी झाकणं काढायची आणि त्या स्वतः तपासणार. भागीदार "ठीक आहे" म्हणाला. सॉरी म्हणाला नाही. अजूनही म्हणालेला नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागली. आर. के. पुरम कधी गेलं कळलंच नाही. जाग आली ती दोन स्टेशनं पुढे, वसंत विहारला. प्लॅटफॉर्मवरून बायकोला फोन केला.

"अगं, काम झालं. तुझ्या पायामुळे वाचलो."

तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तो फोटो दाखवलात? नेलपॉलिश उडालं होतं त्यात!"