गावकीत मिटलेलं भांडण

माझ्या धाकट्या भावाने बांधाच्या भांडणात चुलतभावावर कोयता चालवला. ते खोटं नाही आणि मी ते कधी झाकलंही नाही. चुलतभाऊ वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. कल्याणच्या कोर्टाने भावाला सात वर्षं दिली. अपील करायचं तर मुदतीत करा, असं वकिलांनी तेव्हाच बजावलं होतं.

पण आमच्या मुरबाडकडच्या गावात भांडण संपतं ते गावकीत. निकालानंतर गावकी बसली, मोडलेला बांध सगळ्यांनी मिळून घातला, आई आणि काकू देवळापुढे एका ताटात जेवल्या. चुलतभावाने नारळ फोडून सांगितलं, "माजं काय म्हननं नाय आता." झालं! गावाने सोडला म्हणजे सरकारही सोडणार, असं आमच्या घरात सगळ्यांनीच धरलं. आई तर भात कापायला तो येईल म्हणून विळ्याला धार लावून बसली. असं करता करता वर्ष गेलं, अपील राहूनच गेलं.

मग आमची धावाधाव. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! उशिराचं कारण पुरेसं नाही म्हणून वरच्या कोर्टाने अपील ऐकलंच नाही. आता त्या नकाराविरुद्ध दिल्लीला, सुप्रीम कोर्टात जायचं होतं. शहापूरहून, सासरहून मी आले आणि आई, मी आणि तोच चुलतभाऊ असे जीपने कल्याणला वकिलांकडे गेलो. जीपमध्ये आईला खिडकीची जागा त्यानेच धरून दिली.

"उशीर का झाला, ते पटेल असं लिहावं लागेल," वकील म्हणाले.

"गावकीत मिटलं व्हतं," आई म्हणाली.

"ते लिहिलं तर म्हणतील, जखमी माणसाला दाबलं."

चुलतभाऊ उसळला. "मना कोन दाबंल? मी सोताच सोडला त्याला. न्या मना दिल्लीला, मी सांगतो."

"तिथे तुम्हाला कोणी विचारणार नाही. खटला सरकारचा आहे."

मला वकिलांचा संताप आला. त्यांचा काय दोष होता? पण कोर्ट काही समोर बसलेलं नव्हतं, ते बसले होते. शेवटी त्यांनी 'गरिबी आणि अज्ञान' असं कारण लिहिलं. गरिबी आईने निमूट ऐकून घेतली. अज्ञानावर मात्र ती अडली. "आख्ख्या गावाला ठावं हाय मिटलंय म्हनून. मंग अज्ञान कुनाचं?" जिना उतरेपर्यंत ती हेच म्हणत होती.

दिल्लीनेही नकार दिला. आईला तुरुंगात न्यायचा मला धीर झाला नाही, म्हणून भावाला सांगायला मी आणि चुलतभाऊ गेलो. काचेपलीकडे तो आला, हसला. मी फोन उचलला आणि जेवलास का, एवढंच विचारत राहिले. चुलतभावाने माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, दिल्लीवरनंपन नाय झालं.

मी कान फोनजवळ नेला. भावाने त्याला विचारलं,

"तू तर मना माफ केला ना रे?"

"कवाच केला."

"गावानं केला?"

"केला."

"मंग मना कोन सोडत नाय?"

चुलतभावाने फोन माझ्या हातात दिला. वेळ संपल्याचं शिपायाने ओरडून सांगितलं, तरी भाऊ काचेपलीकडून तेच विचारत होता.