साफ ऐकू येणारा लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा त्यात भावनेचा काही प्रश्न नव्हता. जुन्याचा स्क्रीन एका बाजूनं काळा पडला होता आणि मी त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करताना ओळीचा शेवट अंदाजानं लिहीत होते. मी सरकारी शाळेत अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, हिंदी माध्यमात. प्रश्नपत्रिका, निकाल, कधी एखादा नकाशा, एवढंच माझं काम. त्याला कुठलाही साधा लॅपटॉप पुरला असता.

पण घेऊ म्हटल्यावर सगळ्यांना मत सुचतं. माझे मिस्टर इथं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये आहेत. कुठलीही वस्तू किती वर्षं टिकेल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यांच्या शॉपमधल्या, म्हणजे खात्यातल्या, कुणीतरी महागडा लॅपटॉप घेतला होता आणि तो अजून नव्यासारखा चालतो, असं त्यांनी सांगितलं. एकदाच घ्यायचा तर चांगला घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. मुलगी कॉलेजात आहे. ती रोज व्हिडिओ बघून मला हिंदीत समजावत होती की साध्यात आणि महागड्यात मेमरी सारखीच आहे, तुझ्या कामाला फरक पडणार नाही, पण महागड्याचा स्क्रीन बघशील तर तुला दुसरा आवडणारच नाही. हे ती स्वतःसाठी बोलते आहे हे मला कळत होतं. महागड्याच्या पैशात साधे दोन आले असते. मी महिनाभर नुसती ठरवत राहिले.

आणि मग बाबांच्या कानातल्या मशीनचा सेल संपला.

बाबा भिलाईतच, मरोद्याला राहतात. रिटायर झाल्यावर तिथं त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. नोकरी त्यांची प्लांटच्या रेल मिलमध्ये गेली, जिथं तापून लालभडक झालेले रूळ करवतीनं कापतात. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. लहानपणी आम्हाला वाटायचं, बाबा मुद्दाम ओ देत नाहीत. खरं तर त्यांचे कान तेव्हापासूनच जायला लागले होते. आता मशीन लावलं तर थोडं ऐकू येतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात असतं. तो सेल सुपेल्याच्या बाजारात मिळतो आणि लॅपटॉपचं दुकानही तिथंच. मी म्हटलं, एका चकरेत दोन्ही कामं होतील. आमच्या सेक्टर दहामधून स्कूटी काढली, मरोद्याहून बाबांना मागं बसवलं आणि निघालो.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले. एक प्लॅस्टिकचा, दाबला की थोडा वाकणारा. दुसरा पातळ, धातूचा, हाताला गार लागणारा. मी दोन्हींवर टाइप करून पाहिलं. महागड्याच्या कळा मऊ होत्या हे खरं, पण मऊ कळांसाठी एवढे पैसे द्यावेत का, ते काही कळेना. महागड्याच्या स्क्रीनवर दुकानदारानं एक जंगलाचा व्हिडिओ लावला. छान होता. मी शाळेत कोळशाच्या खाणी शिकवते, जंगलातलं पान न् पान दिसून मला काय करायचं होतं? मग तो म्हणाला, मॅडम, याचे स्पीकर ऐका. आमची गाणी सगळीकडे चांगलीच वाजतात, तुमच्याजवळचं काही असेल तर लावून बघा.

माझ्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. जुना लॅपटॉप कधीही बंद पडेल या भीतीनं मी त्यातलं सगळं त्यावर उतरवून घेतलं होतं. त्यात प्रश्नपत्रिका होत्या, मुलीचे फोटो होते आणि आईचे व्हॉइस मेसेज होते.

आईचं सांगते. माझी नोकरी आधी कांकेरला होती. नवरा आणि मुलगी भिलाईत, मी कांकेरला भाड्याच्या खोलीत, शनिवारी बसनं यायचं आणि सोमवारी पहाटे परत. आईला लिहिता येत होतं, पण फोनवरची अक्षरं तिला सापडायची नाहीत. माझ्या मुलीनं तिला बटण दाबून बोलायला शिकवलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी तशीच बोलायला लागली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, शेजारच्या बाईशी छत्तीसगढीत चाललेलं बोलणं मध्येच थांबवून. बटण सोडायचं तिच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळे तिचं बोलणं संपल्यावरही तिचं घर बोलत राहायचं. कुकरची शिट्टी, बादलीत पडणारं पाणी, बाबांचं खोकणं. मी शाळेच्या वाटेवर ते ऐकायची आणि कांकेरच्या रस्त्यावर एकटीच हसायची. पुढं माझी बदली होऊन मी घरी आले, तेव्हा आई राहिली नव्हती. जिच्या जवळ राहायचं म्हणून मी इतके अर्ज केले, तिच्या गावात मी आले आणि ती नव्हती.

बाबांनी ते मेसेज कधी नीट ऐकलेच नव्हते. फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारायचं. जुन्या लॅपटॉपवर लावले तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. ते मान हलवायचे आणि उठून जायचे.

मी पेन ड्राइव्ह लावला. का लावला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. गाणं माझ्याजवळ नव्हतं आणि आवाज म्हणून माझ्याजवळ जे होतं ते हेच होतं. दुकानदारानं आपली गाणी बंद केली. बाबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते, कानात नवा सेल घातलेलं मशीन.

"बाई, जेवली का? आज बोहार भाजी भेटली बजारात. तुया बाबाले आवडते म्हनून आनली. मी निवडून राहिली आता."

मी तो मेसेज किती वेळा ऐकला असेन. पण असा नाही. आवाज लॅपटॉपमधून येत होता असं वाटतच नव्हतं. तो काउंटरच्या पलीकडून येत होता, जसं कुणी दुसऱ्या खोलीत बसून बोलतं. दोन वाक्यांच्या मध्ये तिनं घेतलेला श्वास मला ऐकू आला. देठ मोडल्याचा आवाज ऐकू आला. मग ती आत वळून म्हणाली, "आयकलं का? जरा गॅस बंद करा. माये हात भरले हायेत."

"करतो," बाबा म्हणाले आणि स्टुलावरून उठले.

ते उठून दोन पावलं चाललेसुद्धा. समोर काचेचं कपाट होतं, त्यात माउस आणि चार्जर टांगलेले. तिथं ते थांबले. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुकानदार खाली बघून वायर गुंडाळायला लागला. मी मेसेज बंद केला नाही. माझा हातच गेला नाही. आई हळूच हसली आणि स्वतःशीच म्हणाली, "आयकूच येत नाही यायले." मग पुढं नुसतं घर वाजत राहिलं आणि थांबलं.

दुकानदाराला मी सांगितलं की हाच घेते. त्या क्षणी त्याची किंमत मला महाग वाटत नव्हती. खरं म्हणजे कुठलीच वाटली नसती. बाबांनी माझा दंड धरला आणि बाहेर चल म्हणून खूण केली.

बाहेर उसाच्या रसाचा ठेला होता. आम्ही तिथल्या बाकावर बसलो. बाबांनी खुणेनंच दोन ग्लास सांगितले. मग म्हणाले, "थो महागवाला घेऊ नको, बाई."

मला वाटलं, पैशांचं म्हणताहेत. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की आम्ही दोघंही कमावतो, तुम्ही काळजी करू नका.

"पैशाचं नाही म्हनून राहिलो."

"मंग कावून?"

"लय साफ आयकू येते त्याच्यात," ते म्हणाले. "इतकी साफ आली का मले वाटते, ती आतमंदीच हाये. मंग मी उठतो. उठून जाऊ कुठी?"

रसवाल्यानं ग्लास आणून ठेवले. बाबांनी आपला ग्लास उचलला. मला तो आवाज हवा होता. आपल्या आईचा श्वास ऐकायला मिळतोय आणि आपण तो दुकानात ठेवून चाललो आहोत, हे मला सहन होत नव्हतं. पण माझ्या घरी दर रविवारी बाबा जेवायला येतात. त्यांना असं उठून भिंतीशी थांबलेलं मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी आत जाऊन साधा लॅपटॉप घेतला. दुकानदारानं तोच खोक्यात भरून दिला.

घरी आल्यावर मिस्टरांना आश्चर्य वाटलं आणि मुलगी रुसली. मी त्यांना झालेलं सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, तू हेडफोन लावून ऐक ना, हेडफोनमध्ये त्याहूनही साफ येतं. ते खरं होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मी तसं ऐकतेही. पण हेडफोनमधला आवाज आपल्या डोक्यात असतो. त्या दुकानातला आवाज खोलीत होता, आमच्या दोघांच्या मध्ये होता. पुढं एकदा शाळेसाठी माउस घ्यायला मी त्या दुकानात गेले, तेव्हा त्या जागी दुसराच कुठला लॅपटॉप उघडा होता. तो महागडा कधीच विकला गेला, असं दुकानदार म्हणाला. मला उगीचच वाईट वाटलं, जणू कुणी माझं काही घेऊन गेलं.

साधा लॅपटॉप आपलं काम करतो. प्रश्नपत्रिका होतात. त्याचे स्पीकर खालच्या बाजूला आहेत, टेबलावर ठेवला की आवाज टेबलातच मुरतो.

त्यानंतरच्या एका रविवारी जेवण झाल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, "तिचं लाव."

मी घाबरले, पण लावलं. आईचा आवाज बारीक, लांबून यावा तसा आला. बाबांनी कान कीबोर्डजवळ नेला, मग मागं सरले. ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "काय म्हनते?"

मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, "आई म्हणते, गॅस बंद करा, माझे हात भरले आहेत."

त्यांनी मान हलवली. "ती असं नाही म्हनत."

मला कळलं, पण जीभ वळेना. शाळेत मी दिवसभर हिंदी बोलते. घरात मुलगी हिंदीत बोलते आणि मी तिला उत्तरही हिंदीतच देऊन टाकते. मराठी माझ्याकडे उरली होती ती पुस्तकातली, मासिकातली. मले, तुले, आमाले हे मी फक्त आईशी बोलायची, आणि बाबांशी, चार शब्द. आई गेल्यावर ते शब्द कुठं ठेवून दिले, मलाच आठवत नव्हतं. मी पुन्हा मेसेज लावला, नीट ऐकला आणि तिच्यासारखंच म्हटलं, "आयकलं का? जरा गॅस बंद करा. माये हात भरले हायेत."

बाबा हसले. आवाज न करता, खांदे हलवत. "आता बराबर."

तेव्हापासून आमचं असंच चालतं. मी मेसेज ऐकते आणि त्यांच्या कानाशी म्हणते. आधी वाचून दाखवल्यासारखं व्हायचं. हळूहळू तिचे हेल यायला लागले. एखाद्या शब्दावर ती थांबायची तिथं मीही थांबायला लागले. कधी कधी माझ्याच तोंडून तिचा आवाज आल्यासारखा वाटतो आणि मग मला पुढचं वाक्य म्हणवत नाही. पाणी प्यायला जाते म्हणून उठते.

अशाच एका वेळी मी ओट्याशी उभी होते आणि मागून मुलीचा आवाज आला. ती नानाजींच्या कानाशी वाकली होती. तिची मराठी म्हणजे हिंदीवर ओढलेली चादर, खालून हिंदीच दिसणारी. पुढच्या मेसेजमध्ये आई शेजारणीनं दिलेल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांबद्दल सांगत होती. मुलगी ते अडखळत म्हणत होती, "मले तिनं शेंगा देल्या. मी म्हनलं, बापा, इतक्या कोन खाईन?"

"कोन खाईन," बाबांनी तिचा हेल नीट केला.

"कोन खाईन," ती म्हणाली.

मग त्यांनी तिला सांगितलं, ते मी आजवर ऐकलं नव्हतं. आई लग्न होऊन भंडाऱ्याकडून इथं आली, तेव्हा तिला हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं. सेक्टर सहाच्या क्वार्टरात दिवसभर दार लावून बसायची. दूध घालायला येणारी राउताइन तिच्याशी छत्तीसगढीत बोलायची आणि ही आपल्या बोलीत उत्तर द्यायची. दोघींना निम्मं कळायचं. निम्मं कळत नाही म्हणून राउताइन जास्त वेळ बसायची. दूध नासायचं, पण त्यांचं बोलणं संपायचं नाही.

"मग नानीला हिंदी कधी आली?" मुलीनं विचारलं. मराठीत विचारलं.

बाबांना ते ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्यानं विचारलं.