चाळीस वेळा धुतलेले हात

सगळ्या गल्लीत आपल्याइतके स्वच्छ हात कुणाचे नाहीत, असा सलूनवाल्या काकांचा दावा होता, आणि पुरावा म्हणून ते दिवसातून चाळीस वेळा हात धूत. बेसिन त्यांनी मुद्दाम अशा जागी बसवलं होतं, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला आरशात सगळं दिसावं. कढत पाणी, जंतुनाशक साबण, वर नखांचा ब्रश. थाट शस्त्रक्रियेचा, आणि करायचं काय, तर मिशी बारीक!

वर्षभरापूर्वी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग कातडी लाल झाली, चिरली. गिऱ्हाइकं हातांकडे बघत आणि घाईघाईने छताकडे बघू लागत. लोकांना किळस येते, असं काकांनी ठरवून टाकलं आणि धुणं वाढवत चाळीसवर नेलं. चिरा वाढल्या. मग त्यांनी आणखी कडक साबण आणला.

"हुशारी अंगात मावत नव्हती," ते पुढे स्वतःच सांगत, "म्हणून हातांतून फुटून बाहेर येत होती."

दुकानातल्या दोन खुर्च्यांपैकी एकही धड भरेना. पण निवृत्त पोस्टमास्तर होते, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. ते येताहेत तोवर आपलं दुकान चालू आहे, असा काकांचा हिशेब होता. एका रविवारी पोस्टमास्तर आले ते नुसता पेपर वाचायला. उकडलं म्हणून त्यांनी टोपी काढली आणि काकांना त्यांच्या मानेवरची ताजी रेघ दिसली. चौकातल्या नव्या दुकानाची कात्री! ओळखीचं अक्षर ओळखावं तशी त्यांनी ती ओळखली.

"हवा छान आहे आज," पोस्टमास्तर पेपरामागून म्हणाले.

"हो, तुम्हांला मागून जरा जास्तच लागत असेल," काका म्हणाले.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दिवसातून किती वेळा हात धुता?"

"चाळीस!" काकांनी छाती फुगवून सांगितलं.

"मग कातडी शिल्लक आहे हेच नवल. आधी काही औषध केलंत?"

"एक मलम होतं. दोन दिवसांत बरं वाटलं, सोडून दिलं."

"आणि खाज परत आली."

"दुप्पट," बायको म्हणाली. "विचारा, माझं कधी ऐकलं का यांनी!"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा एक्झिमा. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा साबणाने आणि कढत पाण्याने निघून जातो, मग ती कोरडी पडून चिरते. पाणी कोमट घ्यायचं, साबण सौम्य, बिनवासाचा. हात टिपले की लगेच दाट मलम. केस धुताना, रंगवताना सुती हातमोजे आणि त्यांवर रबरी. औषधाचं मलम सांगितलं तितके दिवस लावायचं. तरीही तो अधूनमधून डोकं वर काढणार, तेव्हा घाबरायचं नाही.

तीन आठवड्यांत चिरा मिटल्या. पोस्टमास्तर मात्र फिरकले नाहीत. शेवटी काकाच त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे करून पाठ केलेलं भाषण म्हणाले, "हा एक्झिमा आहे. तुम्हांला होणार नाही. मला मात्र पुन्हा होईल."

"मला होईल अशी भीती कुणाला होती?" पोस्टमास्तर म्हणाले. "अहो, कढत पाण्यात हात घालताना तुमचा चेहरा बघवत नव्हता. माझ्या चार केसांपायी कशाला हा जाच, म्हणून गेलो तिकडे."

काका उंबऱ्यातच बसले. वर्षभर ज्या स्वच्छतेच्या जोरावर गिऱ्हाइकं धरून ठेवतोय असं वाटत होतं, तिनेच ती पळवली होती.

"म्हणजे मीच तुम्हांला घालवलं?"

"तुम्हीच. बरं, उद्या येऊ का?"

"या. पण हात धुतल्यावर मलम मुरेपर्यंत दहा मिनिटं बसावं लागेल."

"निवृत्त माणसाला दहा मिनिटांची धमकी देता?" असं म्हणत पोस्टमास्तर आत सरकले आणि त्यांनी काकांना बसायला खुर्ची ओढली.