नंबर युसूफचाचांचा

रिक्षा स्टँडवर भाडं येवो न येवो, किस्से येतातच! धाराशिव स्टेशनबाहेर आमच्या पाच-सहा रिक्षा. गाडीला वेळ असला की दुसरं करणार काय?

मागच्या वर्षी तिकडं लांब कुठंतरी अतिरेक्यांनी निरपराध माणसं मारली. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर मेसेजचा पूर! ‘यांच्या दुकानात जाऊ नका, यांच्या रिक्षात बसू नका.’ आता आमच्या स्टँडवर ‘यांच्या’तले एकच, युसूफचाचा.

*

आमचा दत्तू म्हणजे मेसेज आला की वाचायच्या आत पुढं ढकलणारा. त्यानं तो स्टँडच्याच ग्रूपवर टाकला, अन् ग्रूपवर चाचा! सकाळी मी त्याची कॉलरच धरली. “लाज हाय का जरा?”

चाचांनी मला बाजूला केलं. “दत्तू, ग्रूप सोडू का बाबा?”

दत्तू गडबडला. “तुमी कशाला सोडता चाचा? ते तुमच्यासाठी न्हाय, बाकीच्यांसाठी हाय!”

“बाकीच्यांनाबी त्यांचा त्यांचा दत्तू हेच सांगत आसंल,” चाचा म्हणाले.

*

एका पॅसेंजरनं चाचांच्या रिक्षात बसता बसता विचारलं, “तुम्ही लोक निषेध का करत नाही हो?”

“केला की साहेब! सकाळी बँकवाल्या साहेबांकडं केला, मगाशी एका मॅडमकडं केला. तुमच्याकडं आत्ता करतो. कुठं सोडू?”

खरं तर ती बातमी बघून चाचा दिवसभर जेवले नव्हते. हे चाचींनी माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला कळलं.

*

माझी रिक्षा सेकंडहँड. मागं ‘ख्वाजा की मेहरबानी’ रंगवलेलं, ते पुसायचं राहूनच गेलं. चाचांचीही सेकंडहँड, तिच्यावर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’! एकदा कोर्टापुढं आम्ही दोघं उभे होतो. एक गृहस्थ आले, दोन्ही रिक्षा मागून वाचल्या, माझ्याकडं डोळे वटारले अन् तडक चाचांच्या रिक्षात बसले.

परत आल्यावर मी विचारलं, “काय म्हणाले हो?”

“कुणापासनं जपून राहायचं, ते घरापतोर समजावून सांगत व्हते.”

*

पण रोज हसण्यावारी कसं न्यायचं? आमच्याकडं नियम आहे, ज्याचा नंबर त्याचं भाडं. चाचांचा नंबर लागायचा, पॅसेंजर नाव विचारायचा अन् मागच्या रिक्षात जाऊन बसायचा. आमच्यातले काहीजण नेतही होते, पोट सगळ्यांनाच आहे. एका दुपारी चाचा म्हणाले, “बालाजी, उद्यापासनं मी स्टेशनला येत न्हाय. लई झालं.” मला रडूच आलं.

तेवढ्यात गाडी आली. एक साहेब बॅग घेऊन बाहेर आले. तुळजापूरला जायचं होतं, म्हणजे दिवसभराची कमाई एका फेरीत! नंबर चाचांचा. साहेबांनी नाव विचारलं, आत ठेवलेली बॅग परत उचलली अन् मागच्या रिक्षापाशी गेले. ती दत्तूची. चाचांनी तोंड फिरवलं.

दत्तूनं चावी काढली अन् खिशात घातली. “माझी बंद हाय.”

साहेब माझ्याकडं आले.

“माझीबी बंद हाय!”

माझ्या मागचा तर सीटवर आडवाच झाला. पार शेवटच्या रिक्षापतोर तेच उत्तर! उन्हात घाम पुसत साहेब पुन्हा पहिल्या रिक्षापाशी आले.

चाचांनी त्यांच्या हातातली बॅग घेऊन आत ठेवली. “बसा साहेब. आज स्टँडवर माझ्या एकट्याचीच चालू हाय!”