शुक्रवारपर्यंत टिकणारा आंबा

शुक्रवारची वाट पाहावी ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनीच. आम्ही रविवारी उशिरापर्यंत लोळायचो. काका रविवारी सकाळीच पुढच्या शुक्रवारच्या तयारीला लागायचे. नव्वदच्या दशकात बँकेच्या बदलीमुळे आम्ही सुरतेला, पर्वत पाटिया भागात राहत होतो. काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारे यहुदी. एका कापड गिरणीच्या रंगखात्यात नोकरी, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न करून इस्रायलला. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागायचा, तो शनिवारी तारे दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात काम नाही, प्रवास नाही, विस्तवाला हात लावणं नाही.

आठवड्यात जे जे उत्तम दिसेल ते शब्बाथासाठी राखायचं, हा त्यांचा नियम. फ्रिज मात्र आमचा. रविवारी एक देखणा आंबा दाखल व्हायचा. मंगळवारी त्याहून देखणा मिळाला की पहिल्याची गादी जायची आणि काका तो माझ्या बायकोच्या हातावर ठेवायचे, "वहिनी, हा तुम्ही खाऊन टाका. याच्याहून चांगला मिळाला." अशा गादीवरून उतरलेल्या आंब्यांवर आणि पेरूंवर आमचं घर बाळसं धरत होतं. फळवालासुद्धा त्यांना पाहून आपणहून म्हणायचा, "काका, आ शुक्रवार सुधी चालशे," म्हणजे हा शुक्रवारपर्यंत टिकेल. नवा सदरा सोमवारी शिवून आला तरी घडी मोडायची शुक्रवारी. एकदा मी सांगत असलेला विनोद त्यांनी अर्ध्यावर थांबवला. "चांगला दिसतोय. उरलेला शुक्रवारी सांगा," म्हणाले, आणि शुक्रवारी खरोखरच आंघोळ करून ऐकायला आले.

दर शुक्रवारी संध्याकाळी फरशी धुतलेली, काळ्या मनुका भिजवून काढलेलं सरबत पेल्यात, खोबरेल तेलाचा दिवा तयार आणि पांढरे कपडे घातलेले काका गॅलरीत उभे. मी एकदा विचारलं, "काका, शब्बाथ तर दर आठवड्याला येतोच. मग एवढी कशाला धावपळ?"

"येतो हो. पण कोणी वाट पाहत नसेल, तर कुणाकडे येणार?" काका म्हणाले.

एका उन्हाळ्यात मुलगी यायची ठरली. शुक्रवारी संध्याकाळच्या आत पोचायचं, पुढच्या गुरुवारी परत. म्हणजे बापलेकीच्या वाट्याला एकच शब्बाथ होता. काकांनी पंधरा दिवस आमच्या फ्रिजमध्ये आम्हाला पाण्याची बाटली ठेवू दिली नाही. त्या शुक्रवारी दोन ताटं मांडली, दिव्यात तेल घातलं, आणि दुपार कलताना आमच्याकडे फोन वाजला. वलसाड स्टेशनवरून मुलगी बोलत होती. "बाबांना सांगाल का? गाडी फार रखडली. सुरतेला पोचेपर्यंत दिवस मावळेल. म्हणून मी इथेच उतरले. इथे रेल्वेत नोकरीला असलेलं आपलं एक बेने इस्राएल कुटुंब आहे, त्यांच्याकडे राहते, उद्या शब्बाथ सुटला की निघते."

मी वर जाऊन सांगितलं. ती गाडी पुढे सुरतेलाच येणार होती, आणि आलीही. काका गॅलरीचा कठडा धरून उभे राहिले. "बरोबर केलं तिनं," म्हणाले. "मीच शिकवलं तिला." मग दुसरं ताट उचलायला गेले आणि न उचलताच परतले. ते दिवा लावायला वळले, तसा मी खाली आलो.

मुलगी शनिवारी रात्री आली. पुढचे दिवस वरून नुसतं हसणं ऐकू यायचं. काका रोज नवं काहीतरी आणायचे आणि आमच्या दारावरून थेट वर जायचे. गुरुवारी ती गेली.

शुक्रवारी दुपारी काका नेहमीप्रमाणे आले, त्यांनी फ्रिज उघडला आणि उघडाच धरून उभे राहिले. आत आमचं ताक होतं, बाकी काही नव्हतं.

"काहीच राखलं नाही या आठवड्यात," ते म्हणाले. "जे चांगलं दिसलं ते तिला खाऊ घातलं. रविवारपासून काल संध्याकाळपर्यंत घरात शब्बाथच होता हो."

बायकोनं टोपलीतला एक आंबा धुऊन त्यांच्या हातावर ठेवला. काही विशेष नव्हता, एका बाजूनं दबलेला होता. काका तो घेऊन वर गेले, आणि थोड्या वेळानं फरशी धुतल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी बेल वाजली. काका दारात, हातात आंबा. "वहिनी, जरा जागा करा," म्हणाले. "हा शुक्रवारपर्यंत टिकेल."