मागून म्हणणारी माणसं

"आमची बोली देवाला कळती. तुमाला न्हाय कळली तर राहू द्या." पेटीचा भाता उघडताना माझा गवंडी मित्र मला हे हमखास ऐकवायचा. मी पुण्याकडचा मास्तर, त्यामुळे त्यात त्याला विशेष गोडी.

मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि माझी येडशीजवळच्या एका गावात बदली झाली. हा गवंडी शाळेची भिंत दुरुस्त करायला आला आणि मित्रच होऊन बसला. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "गुरुजी, बोलायलाव का परीक्षा घ्यायलाव?"

रविवारी चर्चमध्ये पेटी त्याची आणि गाणीही त्याचीच. त्याच्या गाण्यातला येशू लई दमून विहिरीवर टेकायचा आणि पाणी भरणाऱ्या बाईला म्हणायचा, "माय, घोटभर पाणी दे की." समोरच्या बायकांना वाचता येत नव्हतं. तो एक ओळ म्हणे, त्या तीच मागून म्हणत. मी हिंदू, दारापाशी चपलांजवळ बसून ऐकायचो. तुम्हीही तिथून उठला नसता.

मग नवे पाळक आले. मोठी सभा भरायची होती. पाहुण्यांपुढे गावंढळ भाषा नको, शुद्ध म्हणा, नाहीतर पेटी दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी बजावलं. तो हटून बसला. त्याची पेटी जाऊ नये म्हणून त्याला समजावण्याचा शहाणपणा मी केला. त्या विहिरीच्या गाण्यातल्या त्याच्या ओळी खोडून शुद्ध भाषेत माझ्या लिहिल्या आणि पंधरा दिवस शाळेच्या ओट्यावर त्याच्याकडून घोकून घेतल्या. केवळ माझ्या शब्दाखातर तो शिकला.

सभेत त्याचा एक शब्द चुकला नाही. पहिली ओळ म्हणून तो थांबला. बायका गप्प. त्याने ती पुन्हा म्हटली. त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. उरलेलं गाणं त्याने एकट्यानेच म्हटलं. पाळकांनी पाठ थोपटली.

बाहेर येऊन तो म्हणाला, "तुमी शिकिवलं ते समदं म्हटलं, गुरुजी. पर आज म्या एकलाच होतो."

पेटी त्याच्याकडेच राहिली. तो वाजवायचा, गात मात्र नसे. भेटला की हसायचा, पण मला पुन्हा कधी चिडवलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटे.

तीन वर्षांनी तो पोटाच्या दुखण्याने गेला. मातीच्या वेळी पाळकांनी पुस्तकातून प्रार्थना वाचली. मग एक म्हातारी माझ्याजवळ आली.

"गुरुजी, त्येचं पाण्याचं गाणं तुमाला येतंय. आमाला म्होरं म्हनायची सवं न्हाय. तुमी म्हना, आमी मागनं म्हनतो."

गाणं मला पाठ होतं. मी घसा साफ केला आणि म्हणू लागलो. तोंडातून निघाली ती मी दुरुस्त केलेली ओळ.

म्हातारी पदर सावरून मागे सरली. मागून कुणीच काही म्हटलं नाही.