संगीताने खजिन्यातून काय मागितलं

संगीता आज सकाळी गेली, आणि तिच्या भावाने 'त्यागमूर्ती' म्हणून तिचा फोटो टाकला.

खोटं आहे.

तिने त्याग केला नव्हता. तिच्याकडून काढून घेतलं होतं. तिच्या भावाने आणि मी.

९६-९७ साल असेल. सुरतेत, नवागामला आमच्या खोल्या शेजारी शेजारी. किशोर माझा जिगरी दोस्त, संगीता त्याची धाकटी बहीण. दोघांचे वडील, अप्पा, लूमवर कापड विणायचे.

माझ्या मामेभावाने मुंबईहून एका इंग्लिश खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. राक्षस मारायचे, खजिने लुटायचे. त्याला लागणारे बहुकोनी फासे सुरतेत कुठे मिळणार? आम्ही डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काढायचो.

इंग्लिश त्यातल्या त्यात मला यायचं, म्हणून गोष्ट सांगणारा मी. म्हणजे त्या जगाचा देवच.

खेळायला माणसं कमी पडत, म्हणून संगीताला घेतलं. बारावीला होती. तिची तिरंदाज आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार निघाली. गुहेतला अजगर तिनेच मारला.

प्रत्येकाला दोन हजार सोन्याची नाणी मिळाली.

किशोरने जादूची तलवार घेतली, वर एक पांढरा घोडा.

संगीताने विचारलं, "संजूभाऊ, दुसऱ्या शहरात राहायला किती लागतील?"

"कशाला?"

"वैद्यकी शिकायचीये. वर्षभर. गुरूची फी किती? खोलीचं भाडं किती?"

किशोर खो खो हसला. "अगं येडे, खजिना मिळालाय! दागिने घे!"

ती माझ्याकडेच बघत होती. "आणि खोलीला आतून कडी असेल ना?"

पुस्तकात तलवारींच्या किमती होत्या, दोरखंडाच्या होत्या, शिक्षणाची नव्हती. मी ठोकून दिलं, पाचशे नाणी. तिने वहीत लिहून घेतलं.

मग मला वाटलं, ही शिकायला बसली तर पुढचा राक्षस कोण मारणार?

मी सांगितलं, "गुरू म्हणाला, बायकांना शिकवत नाही."

"असं पुस्तकात लिहिलंय?"

"हो."

तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिने वही मिटली. "मग मला काही नको," म्हणाली आणि चहा करायला उठली. आम्ही खेळत राहिलो. तिच्या वाटणीची नाणीसुद्धा आम्हीच वापरली.

बारावीच्या निकालानंतर ती माझ्याकडे आली. हातात नर्सिंगचा फॉर्म. इंग्लिशमध्ये.

"भरून द्या ना. घरी सांगू नका. अप्पा धुळ्याकडचं स्थळ बघतायत."

मी भरला. पत्ता माझ्या घरचा टाकला.

इंटरव्ह्यूचं पत्र आलं तेव्हा मी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, किशोरसोबत उभा होतो. पोस्टमनने तिथेच हातात दिलं. किशोर म्हणाला, "काय रे?"

खिशात घालता आलं असतं. काहीही सांगता आलं असतं.

मी त्याला दिलं.

घाबरलो होतो? असेन. पण खरं कारण वेगळं होतं. तिच्या आयुष्याचं तिच्या भावाला न विचारता ठरतंय, हे मलाच बरोबर वाटत नव्हतं. अठरा वर्षांचा होतो, आणि आतून पूर्ण म्हातारा.

किशोरने वाचलं, घडी घातली. आमच्या अहिराणीत एवढंच बोलला, "काय करशी शिकीसन?" शिकून काय करणार. समोर नसलेल्या तिला.

पुढच्या वैशाखात लग्न झालं. मी पंगतीत जिलेबी वाढली.

नवराही सुरतेतच कामाला होता. बमरोलीला संसार. वीस-बावीस वर्षं घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवल्या. त्या डिंकाच्या वासाने कायम खोकायची, असं ऐकून होतो. ऐकूनच होतो. गेलो कधी नाही.

चार वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या रांगेत भेटली.

मी म्हणालो, "संगीता, ते पत्र..."

"माहितीये. भाऊने लग्नाआधीच सांगितलं होतं."

"मग मला काही बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय केलं असतं तुम्ही?"

 

मग तीच म्हणाली, "पोरगी फिजिओथेरपीला आहे. बडोद्याला, होस्टेलवर. तिच्या पप्पांशी सहा महिने भांडले मी."

तिचा नंबर पुकारला. ती उठून गेली.

फोटोखाली दुपारपर्यंत दीडशे लोकांनी हात जोडलेत. त्यातले किती जण तिच्या घरचा जिना चढले होते? मी तर नाहीच.

संगीता, माफी मागत नाही. ती द्यायचं आणखी एक काम तुझ्या अंगावर टाकायचं नाहीये.

शेवटचा नमस्कार.